कावळे आमच्याच परसात

लोकांचे नवरे रिटायर झाले की पेपर वाचतात, पत्ते कुटतात, नातवंडांना फिरवून आणतात. आमच्या ह्यांनी पाखरांना जेवायला बोलवायचं ठरवलं. ठरवलं तर ठरवलं, पण त्याचा एवढा व्याप केला की माझं डोकं फिरायची पाळी आली. हे म्हणजे राजेंद्र. महाडच्या एका कारखान्यात फिटर होते, जन्म सगळा पाइप, व्हॉल्व्ह आणि पान्यात गेला. कॉम्प्रेसरच्या आवाजानं डावा कान गेल्यातच जमा आहे, त्यामुळे पाखरू गातंय की भांडतंय हेही त्यांना धड कळत नाही. मी विचारलं, ऐकू येत नाही तर पाखरं हवीत कशाला? तर म्हणाले, बघायला. पुढे काही नाही. हा माणूस असाच आहे. दिवसाला चार वाक्यं बोलणार, आणि त्यातली दोन पाना कुठे ठेवलास हे विचारायला.

आमचं घर तुडीलला, सावित्री नदीच्या अंगाला. वर मराठ्यांची आळी, खाली आमची बौद्धवाडी आणि वाडीतलं सगळ्यात शेवटचं घर आमचं. परसाच्या मागे कमरेएवढा दगडी गडगा आहे. गडग्यापलीकडे हैबतीकाकांचं शेत, आणि शेत संपलं की नदी.

सुरुवात केली आमच्या मुलीनं, दीक्षानं. ती पनवेलला असते. बाबांना रिकामं घर खायला उठतं म्हणून तिनं ऑनलाइन मागवून पाखरांना दाणे घालायचं एक हिरवं प्लास्टिकचं घर पाठवलं. वर लाल छप्पर, खाली दाण्यांसाठी पन्हळ, आणि सोबत कसल्याशा परदेशी दाण्यांची पुडी. हे एकदम खूश. शेवग्याला टांगलं आणि मागच्या पायरीवर बसले. चहा पायरीवर, जेवण पायरीवर. आठवडा गेला, महिना गेला, एक पाखरू फिरकलं नाही. मुंग्या मात्र रांग लावून आल्या. मी म्हटलं, अहो, मुंग्या पण जीवच आहेत, बघा त्यांच्याकडे. ह्यांना राग आला. म्हणजे ह्यांनी उत्तर दिलं नाही.

मग घरचा कारखाना सुरू झाला. पीव्हीसीच्या पाइपाला भोकं पाडून त्यात तांदळाची कणी भरली, ती खारींनी फस्त केली. खारी चढू नयेत म्हणून खांबाला ग्रीस फासलं. खारी घसरल्या, हे हसले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खारी कपड्यांच्या दोरीवरून चालत येऊन वरून उतरल्या. ग्रीस लागलं ते माझ्या नव्या साडीला. मग पाइप तारेवर टांगला, तर वांदर आले आणि तार, पाइप, कणी, शेवग्याची फांदी, सगळंच घेऊन गेले. खाली सांडलेल्या कणीला शेजारच्या मैनावहिनीच्या कोंबड्या, कोंबड्यांनी टाकलेल्या कणीला उंदीर, आणि उंदरांच्या मागोमाग एक दिवस धामण सरळ न्हाणीत. मी त्या दिवशी सांगून टाकलं, ह्या घरात एक तर पाखरं राहतील नाही तर मी. हे म्हणाले, पाखरं आलीत कुठे अजून? आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

शेवटी ह्यांनी तेलाच्या पिंपाचं झाकण घेतलं, कडा वर वळवल्या, लोखंडी पाइपावर बोल्टनं बसवलं आणि पाइप परसाच्या मधोमध सिमेंटमध्ये रोवला. खार वर जाऊ नये म्हणून पाइपाच्या मध्यावर एक घमेलं उलटं बसवलं. घमेलं माझं, विचारलं नाही. ह्या सगळ्या प्रकाराला ते थाळी म्हणायचे. पण थाळी जमली, हे मान्य करायला हवं. वांदरांना ती हलेना, खारींना चढता येईना. सकाळी उन्हं गडग्यावर आली की हे थाळीत कणी, रात्रीचा भात, भाकरीचा चुरा आणि पपईची फोड ठेवायचे आणि पान्यानं पाइपावर दोन ठोके मारायचे. आणि मग पाहुणे यायला लागले. कोण, तर कावळे.

तुडीलमधले झाडून सगळे कावळे. ह्यांना हवे होते बुलबुल, मुनिया, हळद्या. बुलबुल यायचे, नाही असं नाही, पण कावळ्यांची पंगत उठल्यावर उरलंसुरलं टिपायला. ह्यांनी कावळ्यांना हाकलून बघितलं, आरसा टांगून बघितला, जुनी सीडी फिरवून बघितली. कावळे सीडीच्या दोरीवर बसून जेवले. तेव्हा ह्यांनी हात टेकले आणि म्हणाले, आलेत ते जेवू देत.

ह्या तमाशाला एक रोजचा प्रेक्षक होता, हैबतीकाका. सत्तरी ओलांडलेला, काटक, तोंडाचा फटकळ माणूस. सकाळी शेतावर आले की गडग्यावर कोपरं टेकून उभे राहायचे आणि भांडण काढायचे. तुझी पाखरं माझा भात खातात, हे त्यांचं म्हणणं. इथे पोट भरलं तर तुमच्या भाताला तोंड लावणार नाहीत, हे ह्यांचं म्हणणं. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं: तुझ्याकडं सवय लागते नि माझ्याकडं पोट भरतं. ह्यांना ऐकू जावं म्हणून काका बेंबीच्या देठापासून ओरडायचे, त्यामुळे हे भांडण सगळ्या वाडीला पाठ होतं.

भांडण संपलं तरी काका जायचे मात्र नाहीत. बुलबुल उतरला की ह्यांच्या आधी त्यांनाच दिसायचा. कावळ्यानं त्याला हुसकला की कावळ्याच्या आईबापांचा उद्धार. झोडणी-भरडणी झाली की पळंज, म्हणजे पोचट दाणे, आणि कणीचं गाठोडं घेऊन यायचे, गडग्यावर ठेवायचे आणि दोन पावलं मागे व्हायचे. मग हे जाऊन ते उचलायचे. हातातून हातात कधीच नाही. पाण्याला विचारलं तर आत्ताच पिऊन आलो. चहाला विचारायचं मी कधीच सोडून दिलं होतं. जातीचं नाव आता तुडीलमध्ये कोणी काढत नाही हो, काढायची गरजच पडत नाही. गडगा पुरतो. माझा जीव ह्यानं नुसता जळायचा. मी ह्यांना म्हणायची, रोज आपल्या परसात डोळे लावून उभा राहतो माणूस, पण पाऊल आत टाकत नाही, आणि तुम्ही त्याची कणी घेता. हे म्हणायचे, कणी पाखरांची आहे.

भातं कापून झाली, वाल पेरून झाला, आणि हैबतीकाका गेले. संध्याकाळी चांगले जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. मयताला हे गेले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी थाळी भरली, ठोके मारले. गडग्याकडे एकदाही बघितलं नाही. मला मेलीला उगीचच रडू आलं. एवढा राग यायचा त्या माणसाचा, तर रडायचं काय कारण होतं?

आता दहाव्या दिवसाचं सांगते. वरच्या आळीचं दहावं होतं ते काकांच्या शेताच्या टोकाला, नदीवर. आमच्या परसातून सगळं दिसतं आणि वारा असला तर ऐकूही येतं. भाताचे पिंड पानावर मांडायचे आणि कावळा शिवायची वाट बघायची. शिवला तर गेलेला माणूस निवांत गेला. नाही शिवला तर त्याची काही इच्छा राहिली.

आमच्याकडे ह्यातलं काही नाही. माझ्या सासूबाई सुंदराबाई गेल्या तेव्हा ह्यांनी भंतेजींना बोलावलं, वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, वाडीला जेवण दिलं, संपलं. श्राद्ध नाही, पिंडदान नाही, हे बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत स्पष्ट आहे, आणि हे त्या बाबतीत भलतेच कडक. आमच्या लग्नात माझ्या मामानं नुसता नारळ फोडायचा विषय काढला तर हे मांडवातून उठून उभे राहिले होते.

त्या सकाळी मी ह्यांना सांगितलं होतं, आज थाळी जरा उशिरा भरा, खाली काकांचं दहावं आहे. ऐकू गेलं नाही की आपल्याला त्याच्याशी काय करायचंय असं वाटलं, कोण जाणे. उन्हं गडग्यावर आली, पाइपावर ठोके पडले आणि नदीवरचे सगळे कावळे उठून आमच्या परसात आले. मी डोक्यावर हात मारून घेतला.

खाली पिंड तसेच राहिले. लोक हात हलवून काव काव करतायत आणि इकडे कावळे भाकरीच्या तुकड्यावरून मारामारी करतायत. मग तिकडे काकांची इच्छा शोधायला सुरुवात झाली. कोणी म्हणालं गाय विकणार नाही. कोणी म्हणालं आंब्याची कलमं दोघा भावांत सारखी वाटू. नातीचं शिक्षण झालं, घराची कौलं झाली, देवाचा राहिलेला नवस झाला. एकेक वचन वाऱ्याबरोबर वर ऐकू येत होतं आणि कावळ्यांचं कोणाकडेच लक्ष नव्हतं.

शेवटी काकांचा मुलगा दीपक तणतणत गडग्यापाशी आला. तो मुंबईला असतो, टेम्पो आहेत त्याचे. घामाघूम झाला होता बिचारा. ह्यांना म्हणाला, काका, तुमच्यामुळे सगळा लफडा झालाय, थोडा टाइम ते बंद करा ना. मला राहवलं नाही. मी म्हटलं, कावळे काय आम्ही दावणीला बांधलेत? रोज येतात तसे आले. ह्यांनी मला हातानंच गप्प केलं, पाना आणला, बोल्ट सोडला आणि भरलेली थाळी उचलून घरात नेऊन ठेवली.

कावळे गेले का? छे. काही छपरावर बसले, काही शेवग्यावर, एक तर रिकाम्या पाइपाच्या टोकावर. सगळ्यांची तोंडं आमच्या मागच्या दाराकडे. ह्यांनी टाळ्या वाजवल्या, दीपकनं ढेकळं मारली, मी केरसुणी घेऊन धावले. उडाले, एक फेरी मारली आणि परत येऊन बसले. रोज इथे मिळतं म्हटल्यावर ते नदीवर कशाला जातील? सवय आम्हीच लावली होती. दीपक रडकुंडीला येऊन खाली गेला.

भटजींनी मग दुसरा मार्ग सांगितला. दर्भाचा कावळा करायचा, तोच पिंडाला लावायचा आणि मोकळं व्हायचं. असं करतात, चालतं. दीपक लगेच हो म्हणाला. पण बनुकाकी, हैबतीकाकांची बायको, अडून बसली. खरं तर बायका नदीवर जात नाहीत, पण ती सकाळपासून शेताच्या बांधावर बसून होती. गवताच्या काडीनं माझ्या माणसाला वाटेला लावू नका, म्हणाली. लेक समजावतोय, दीर समजावतोय, ही ऐकेना. आणि मग ती उठली, पिंडाचं एक पान उचललं आणि शेतातून सरळ आमच्या घराकडे चालायला लागली. गडग्यापाशी थांबली नाही. वळसा घालून पायवाटेनं आली आणि आमच्या परसात येऊन उभी राहिली.

ह्या घरात लग्न होऊन आल्यापासून वरच्या आळीतली बाई आमच्या परसात मी पहिल्यांदा बघत होते. आणि आली कशासाठी, तर कावळ्यासाठी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिचं तोंड बघितलं आणि मला बोलवेना. ऊन लागून चेहरा काळवंडलेला, ओठ सुकलेले.

"राजेंद्रा," ती म्हणाली, "तुज्या थाळीत ठेवू दे एवढं."

ह्यांनी पाना पायरीवर ठेवला. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून मी उजव्या बाजूला जाऊन सांगायला निघाले. पण ऐकू गेलं होतं.

"काकी, पिंड हितं नाय," हे म्हणाले.

खाली नदीवर सगळे वर तोंड करून उभे. मला ह्यांचा असा राग आला म्हणून सांगू. बाई दहा दिवसांची विधवा, दारात आलीय, हिचा जीव त्या भाताच्या गोळ्यात अडकलाय, आणि ह्यांना नेमकी आत्ता प्रतिज्ञा आठवली. आणि तितकाच राग तिचाही आला. एरवी आमचं पाणी चालत नाही, मग कावळे कसे चालतात? दोघांच्याही मध्ये मी केरसुणी घेऊन उभी.

मग हे पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हात तिच्यासमोर धरले.

"भात म्हणून माज्या हातात द्या. रोज ठेवतो तसा ठेवीन. कोणाच्या नावानं नाय."

झालं. आता तिच्यावर आलं. पिंड ह्यांच्या हातात पडला तर खाली त्याला कोणी पिंड म्हणालं असतं का? आणि नाही दिला तर गवताचा कावळा होताच. बनुकाकी पानाकडे बघत राहिली. दीपकनं खालून हाक मारली, आये, आये म्हणून. तिनं वळूनही बघितलं नाही. तिनं पान पुढे केलं आणि ह्यांच्या ओंजळीत ठेवलं. वरून टाकलं नाही, ठेवलं. तिची बोटं ह्यांच्या तळव्याला लागलेली मी बघितली.

आणि आता घाई करावी की नाही? पण नाही. ह्यांनी भात पायरीवर ठेवला, आत जाऊन थाळी आणली, ती बसवली, बोल्ट घातला, पान्यानं आवळला, थाळी हलते का बघितली, पुन्हा आवळला. मी दात खाऊन उभी. सगळं मनासारखं झाल्यावर भात मोडून थाळीत पसरला आणि पाइपावर दोन ठोके मारले. हात अजून खाली आला नव्हता तेवढ्यात कावळे थाळीवर पडले. खालून कोणीतरी शिवला, शिवला म्हणून ओरडलं आणि सगळी माणसं आंघोळीला धडाधड पाण्यात उतरली.

बनुकाकी तिथेच उभी होती, थाळीकडे बघत. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पुसत नव्हती.

"तिकडं सगळे गायीचं नि कलमांचं बोलत होते," ती म्हणाली. "त्यांना गायीचं काय पडलं नव्हतं. मला म्हणायचे, एकदा आत जाऊन बसायचं हाय. जवळनं बघायचं हाय."

ह्यांनी पाना खिशात घातला. मग विचारलं, "मी बोलावलं असतं तर आले असते, काकी?"

तिनं खोटं बोलायला हरकत नव्हती. त्या वेळी कोणीही हो म्हणालं असतं. पण तिनं जरा विचार केला.

"नाय," ती म्हणाली. "नसते आले."

आणि पदरानं तोंड पुसून आल्या वाटेनं निघून गेली. हे पायरीवर बसले. मी केरसुणी घेऊन आत गेले, नाही तर माझ्या तोंडून काय निघालं असतं सांगता येत नाही.

तेरावं झालं, दीपक मुंबईला गेला. वरच्या आळीत आमच्या थाळीबद्दल काय काय बोललं गेलं ते मैनावहिनीनं येऊन सांगितलं. मी कानाआड केलं. वाल गुडघ्याएवढा झाला. आणि एका सकाळी पाइपावर ठोके पडले तशी गडग्यापलीकडून हाक आली, राजेंद्रा, तुझे कावळे माझा वाल खातात. बघते तर बनुकाकी. काका उभे राहायचे तिथेच, दगडावर कोपरं टेकून.

माझं मस्तक फिरलं. म्हटलं, हे आता बास झालं. ह्या घरात कोणी तोंड उघडणार नसेल तर मी उघडते. हात पुसत परसात आले आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "काकी, आत या."

तिनं वर आळीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हितनं दिसतं गो मला," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत हे उठले, पडवीतली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि गडग्यावरून तिच्या हातात दिली. तिनं घेतली, शेताच्या कडेला मांडली आणि बसली. गडग्यावर आता तिचं नुसतं डोकं दिसत होतं. थाळीवर बुलबुल उतरला आणि ती तो बघ, तो बघ करायला लागली. हेही बघायला लागले.

मी ह्यांना आत बोलावलं, चांगल्या कानापाशी तोंड नेलं आणि सांगितलं, "खुर्ची कशाला दिलीत? उभी राहू द्यायची होती. पाय दुखले असते म्हणजे आली असती आत."